कोटाच्या आतला खिसा

२ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे! बेकरीच्या वरच्या दोन खोल्या मिळाल्यात. सकाळी गजराची गरज नाही, पावाचा वासच उठवणार. धाकट्याने आल्या आल्या खिडकीजवळचा पलंग बळकावला आणि वर मलाच ऐकवलं, की ताई, तुला भिंतीकडचा बरा, पडल्या पडल्या पोपड्यांतल्या चुका काढता येतील.

चुका काढणं हीच तर माझी नोकरी. ज्या खोडीपायी आजवर घरीदारी बोलणी खाल्ली, त्याच खोडीसाठी मला इथे मानाने बोलावलंय. शंभरएक वर्षांपूर्वीच्या एका लढाईवर सिनेमा होतोय. बटण, पट्टा, बूट, हेल्मेट, पाण्याची बाटली, सगळं त्या काळचंच दिसलं पाहिजे, आणि दिसलं नाही तर त्यावर बोट ठेवायचं ते मी. शिवाय नव्याकोऱ्या कपड्यांना जुनं करायचं कामही माझ्याकडेच. आई म्हणते, हिला स्वर्गात नेलं तरी ही आधी तिथल्या पडद्यांची शिवण उलटून बघेल.

धाकट्यालाही सैनिकांच्या गर्दीत काम मिळालंय. ते मीच जुळवलं. एकामागून एक नोकऱ्या सोडून घरी बसला होता आणि आईच्या डोक्याला ताप झाला होता. निघताना तिने त्याचा हात अक्षरशः माझ्या हातात दिला, लहानपणी शाळेत सोडताना द्यायची तसा. म्हणाली, नेतेस तसा परत आण. चोवीस वर्षांच्या घोड्याला! आम्ही दोघंही हसलो. बाबा गेल्यापासून ती असंच बोलते.

५ नोव्हेंबर

विटांच्या एका बंद कारखान्यात सगळा संसार मांडलाय. वरच्या मजल्यावर कपड्यांची खोली आहे. लांबलचक टेबलं, ओळीने शिलाई मशिनं, उंच खिडक्या. खिडकीतून मागचं मैदान दिसतं आणि त्यात खणलेला खंदक. नुसता देखावा नाही हं, खराखुरा. उभा माणूस आत बुडेल इतका खोल, कडेने फळ्या ठोकलेल्या, तळाशी चिखल.

खोलीचे प्रमुख मास्तर. हयात शिवणकामात गेली. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे बोलतात कमी आणि बोलतात ते ओठ न हलवता. पहिल्याच दिवशी मी त्यांना सांगितलं की तुमच्या पँटींच्या शिवणीला नायलॉनचा दोरा आहे. माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, चहा घेणार का? तेव्हापासून आमचं जमलं.

कपडा जुना करणं ही मजेची गोष्ट आहे. कोपर कानशीने घासायचं, गुडघ्यावर तारेचा ब्रश मारायचा, कॉलरला मेण आणि माती चोळायची. खिशात दगड भरून कोट वाफेवर टांगला की खिसा म्हाताऱ्याच्या गालासारखा लोंबतो. माझ्या हातची झीज मी कुठेही ओळखेन.

दिग्दर्शक वेडा आहे, पण माझ्याच जातीचा वेडा. खंदकात प्लास्टिक चालणार नाही, घड्याळ चालणार नाही, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या खिशातसुद्धा नाही. मंडळी दिवसभर तिथेच राहतात, तिथेच खातात. गोष्ट साधी आहे. एका तुकडीची. धुक्यातल्या एका दुपारी शिट्टी झाली, अख्खी तुकडी खंदकातून वर चढली, पुढे गेली आणि कोणी परत आलं नाही. तो हल्ला अगदी शेवटी, एकदाच, मध्ये न थांबता चित्रित करायचा आहे. धाकटा पहिल्या रांगेत आहे. आईला फोनवर ते सांगताना त्याची छाती दोन इंच फुगली होती.

८ नोव्हेंबर

आज माझीच फजिती. जुन्या कपड्यांच्या एका गोदामातून भाड्याने गठ्ठा आला होता. त्यातल्या एका कोटाची शिलाई बघून मी कपाळाला हात लावला. डाव्या बाजूला, छातीशी, अस्तरावर एक खिसा, आणि तो चारही बाजूंनी शिवलेला! ज्यात बोटही जात नाही त्याला खिसा कसं म्हणायचं? कुठल्याच जुन्या फोटोत, कुठल्याच पुस्तकात असला प्रकार नाही. चूक, म्हटलं, आणि ब्लेडने उसवून टाकला. आत काहीच नव्हतं.

मास्तरांनी कोट हातात घेतला, अस्तराचा वास घेतला आणि तोंडातल्या टाचण्या एकेक करून टेबलावर ठेवल्या. म्हणाले, हा कोणी सिनेमासाठी शिवलेला नाही. हा त्यांच्यातलाच आहे.

म्हणजे खऱ्या कोटाला खोटं ठरवून मी तो दुरुस्त केला होता. धाकट्याला हे कळलं तर तो मला म्हातारपणापर्यंत चिडवणार.

मास्तरांनी युद्धाच्या संग्रहालयात फोन लावला. तिथल्या बाईंनी सांगितलं की ही त्याच तुकडीची रीत. हल्ल्याआधी प्रत्येकजण आपल्या नावाची चिठ्ठी कोटात शिवून घ्यायचा, म्हणजे मागून देह उचलायला कोणी आलं तर तो कोणाचा ते कळेल. चारही बाजू बंद करायच्या, कारण ती ज्याची त्याने पुन्हा उघडायची नसते. ऐकून दिग्दर्शक लहान मुलासारखा नाचायचा बाकी होता. सगळ्या कोटांना हा खिसा हवा!

आणि इथे माझं डोकं चाललं. मी म्हटलं, नुसता खिसा कशाला? आत चिठ्ठीही असू दे. भूमिकेचं खोटं नाव नको, ज्याचं त्याने स्वतःचं खरं नाव लिहावं, स्वतःच्या हाताने. चेहऱ्यावर जे यायचं ते आपोआप येईल. दिग्दर्शक म्हणाला, बाई, तुम्ही इतकी वर्षं होता कुठे? मी दिवसभर हवेत.

११ नोव्हेंबर

चिठ्ठ्या शिवून झाल्या. एकेक माणूस येई, टेबलाशी उभा राहून नाव लिही, मी तो कागद खिशात सरकवून चौथी बाजू बंद करी. सुरुवातीला सगळ्यांची थट्टामस्करी. पण शेवटचा टाका मारून दोरा तोडला की जो तो गप्प व्हायचा. बघायला छान वाटत होतं. हेच तर हवं होतं.

धाकटा म्हणाला, शाळेत असताना माझ्या स्वेटरवरही तूच नाव घालायचीस, हरवू नये म्हणून. म्हटलं, तरी तू दर हिवाळ्यात स्वेटर हरवायचासच. तो म्हणाला, स्वेटर हरवायचा गं ताई, मी कुठे हरवायचो? त्याच्या कोटाला मी सगळ्यात बारीक टाके घातले.

१३ नोव्हेंबर

दिवसभर जे चित्रित होतं ते संध्याकाळी पडद्यावर लावून बघतात. आज मलाही बोलावलं. खंदकातली मंडळी बसली आहेत, कोणी बूट पुसतंय, कोणी नुसतं समोर बघतंय. सगळं बरोबर. एकही चूक नाही. मला समाधान वाटायला हवं होतं.

पण मागे, वळणावर, काहीजण उभे होते. धुक्यामुळे तोंडं दिसत नव्हती, पण कोट दिसत होते. खांद्यावरचा कपडा बंदुकीच्या पट्ट्याने विरलेला, बाह्यांच्या कडा काळ्या पडून चुरगळलेल्या. इतकं सुंदर काम मी आजवर केलेलं नाही.

तेच तर. ते मी केलेलं नाही. ती झीज माझ्या हातची नाही, आणि ते कोट आमच्या खोलीतून गेलेले नाहीत.

मास्तरांच्या कानाला लागून विचारलं, जास्तीची माणसं कुठून आणली? ते म्हणाले, आणलेली नाहीत. दिग्दर्शक मात्र खूश. मागची मंडळी काय झकास उभी राहतात, म्हणाला.

१५ नोव्हेंबर

बंदुका लाकडाच्या आहेत. मी स्वतः रंगवल्यात, हलक्या फुलासारख्या. आज एक पडली तर दगडावर लोखंडाचा आवाज झाला. उचलून बघितली. दोन्ही हात लावावे लागले. नळीत तेलाचा वास. रबराच्या संगिनीवरून बोट फिरवलं आणि रक्त आलं.

सामानवाल्याला गाठला. त्याने खांदे उडवले. चांगलंय की, म्हणाला, तुम्हालाच तर सगळं खरं हवं होतं.

धाकटा काल रात्री खोलीवर आला नाही. बाकीचेही कोणी गेले नाहीत म्हणे. सगळे खंदकातच झोपले, कोणी सांगितलेलं नसताना.

१६ नोव्हेंबर

दुपारी त्याला पाव आणि चहा घेऊन खाली गेले. त्याने पाव कोटात लपवला आणि चोरून एकेक तुकडा मोडून खाल्ला. फोन कुठाय विचारलं तर कसला फोन म्हणाला. थट्टा करत असेल म्हणून मी हसले. तो हसला नाही.

आई काळजी करतेय, म्हटलं. त्यावर तो फार सावकाश म्हणाला, तिला कळवतील.

मला ताई म्हणाला नाही. बाई म्हणाला. अहो बाई, इथे उभ्या राहू नका, डोकं खाली ठेवा.

वर येऊन पाणी प्यायले, मग रडले. आईचा फोन वाजत राहिला, उचलला नाही. काय सांगू तिला?

१७ नोव्हेंबर

मास्तरांना सगळं बोलले. मला वाटलं होतं समजूत घालतील. ते म्हणाले, मी घाबरलोय, पोरी.

त्यांनी परत संग्रहालयात फोन केला. मी उसवलेला तो खिसा रिकामा का होता, ते विचारलं. बाई म्हणाल्या, त्या तुकडीतला जमिनीवर उरलेला तो एकच कोट. बाकीचे सगळे आपापल्या माणसासकट मातीत आहेत. त्या एकाने चिठ्ठी घातलीच नव्हती. मी काही मरत नाही, म्हणायचा. वरिष्ठांनी तपासलं तर कळू नये म्हणून रिकामाच खिसा शिवून टाकला. सिनेमाच्या गोष्टीत कोणीच येत नाही, पण तो परत आला. तो एकटा.

म्हणजे नाव.

नाव धाकट्याच्या खिशात मी घातलं. माझी कल्पना. सगळ्यात बारीक टाके.

१७, संध्याकाळ

ब्लेड घेऊन धाकट्याकडे गेले. कोट बघते, तर टाके माझे नाहीत. जाड, मेण लावलेला दोरा, आडवेतिडवे टाके, शंभर वर्षांचे. पहिला टाका कापला आणि तो ओरडला. ब्लेड त्याच्या अंगाला लागलंही नव्हतं. अस्तर ओलं झालं. लाल.

बाकीचे नुसते बघत होते. मागचेही. आज ते जवळ होते.

१८ नोव्हेंबर

तो अंगातला कोट काढत नाही, विनवण्या केल्या, शिव्या दिल्या. मग सुचलं. आवाज चढवून म्हटलं, पोशाख तपासणी, कोट उतरव! क्षणात उतरवून हातात दिला. ताठ उभा.

कोट लोखंडी पेटीत कुलूपबंद केला. त्याला त्याचा पिवळा टी-शर्ट घातला, हाताला धरून थांब्यावर नेलं, घरच्या बसमध्ये बसवलं. कंडक्टरला सांगितलं, माझा भाऊ आजारी आहे, मध्ये उतरू देऊ नका. बस दिसेनाशी होईपर्यंत उभी होते.

दुपारी खिडकीतून बघितलं. पहिली रांग. तो. अंगात कोट.

पेटीचं कुलूप जसंच्या तसं. पेटी रिकामी. कोट रिकामा राहत नाही, मास्तर म्हणाले. त्याला आत माणूस लागतो.

१९ नोव्हेंबर

चुका पेरते आहे. आयुष्यात पहिल्यांदा. त्याच्या कॉलरला प्लास्टिकचं बटण लावलं, बुटात नायलॉनच्या नाड्या घातल्या, हेल्मेटला आतून स्टिकर चिकटवला. काहीतरी खोटं राहू दे, देवा, काहीतरी. तासाभरात बटण पितळेचं. नाड्या चामड्याच्या.

दिग्दर्शकाचे पाय धरायचे बाकी ठेवले. म्हटलं, उद्याचा हल्ला रद्द करा. तो पडद्याकडे बघत होता. डोळे खोल गेलेत, दाढी वाढलीय. म्हणाला, सगळं जमलंय. एकच चूक उरली आहे. एकच गोष्ट खरी वाटत नाही.

कोणती, विचारलं.

मी कट म्हटल्यावर सगळे उठतात.

१९, संध्याकाळ

पोलिसांना फोन केला. काय सांगणार होते? सिनेमा फार खरा झालाय? त्यांनी पत्ता लिहून घेतला. कोणी आलं नाही.

कोटाला माणूस लागतो. कोण, ते कोटाने कुठे म्हटलंय?

नाव त्याचं आणि माणूस दुसराच. ही चूक. ही बटणासारखी दुरुस्त करता येणार नाही, मी चालती बोलती असेन. एवढी मोठी चूक पहिल्या रांगेत असली तर सगळंच बिघडेल. सगळेच उठतील कदाचित. तो तर उठेलच. तो तिथे नसेलच.

भीती वाटते. खूप वाटते. पण ठरलं.

२० नोव्हेंबर

झालं. पोशाख तपासणी, म्हटलं, त्याने कोट दिला आणि मी तिथेच अंगात घातला. फार जड आहे. छातीशी ओला आहे.

त्याच क्षणी त्याचा चेहरा सुटला. झोपेतून उठल्यासारखा इकडे तिकडे बघायला लागला. माझे बूट कुठेत, विचारलं त्याने. भूक लागलीय, म्हणाला. मला हुंदका आला. मास्तरांनी त्याला धरून वर नेलं. कपड्यांच्या खोलीत बसवा, बाहेरून कडी घाला, काही झालं, कितीही ओरडला तरी उघडू नका. शपथ घातली.

खंदकात बसून लिहितेय. गुडघ्यावर वही. इथे सगळेच काहीबाही लिहिताहेत, कोणी हटकत नाही.

धुकं उतरलंय. कॅमेरा दिसत नाही. दिवे दिसत नाहीत. कारखाना होता त्या बाजूला काहीच नाही.

शेजारच्याने माझ्या कॉलरची गुंडी लावून दिली. बोटं बर्फासारखी. त्याच्या कोटावरची झीज माझ्या हातची नाही.

—

वर हालचाल. शिड्या लावताहेत.

आई, तो वर आहे. सुखरूप आहे. मी त्याला—

—

कोणीतरी धावत येतंय. मागून. फळ्यांवर अनवाणी पाय.

पिवळा टी-शर्ट.

नाही. मास्तरांनी उघडलं असणार. तो आतून रडला असेल, त्यांना बघवलं नसेल—

ताई म्हणतोय. ताई, ताई. किती दिवसांनी. ताई, काय करतेस तू इथे, चल वर, वेडी आहेस का. माझा हात ओढतोय. अंगात पिवळाधमक टी-शर्ट, एवढी मोठी चूक सगळ्यांसमोर, आणि कोणीच कट म्हणत नाही. म्हणा ना. कोणीतरी म्हणा.

नाव कोटात आहे. आणि आता तोही इथे—

जवळचे सरकताहेत. मागचेही. जागा करताहेत त्याला. माझ्या शेजारी, पहिल्या रांगेत, नीट, एक माणूस मावेल इतकी. त्याने माझा हात सोडला. पुढे बघतोय.

अरे इकडे बघ. माझ्याकडे बघ. वर जा, मी आहे ना इथे, तू जा, आईला मी—

शिट्टी